मनूचा मासा, नोहाचा कावळा आणि आपला संकासुर

श्रीवर्धनकडच्या एका शिक्षिकेने लिहिलं आहे. गावच्या वाचनालयात त्यांना निरनिराळ्या धर्मांतल्या प्रलयकथांवर बोलायचं आहे. त्यांचे प्रश्न तीन. मनू, नोहा आणि बाबिलोनचा उत्नापिश्तिम यांच्या कथा इतक्या सारख्या कशा, कोणी कोणाची उचलली की खरोखरच एक जगबुडी झाली होती? आपल्या परशुरामाची कथा यात कुठे बसते? आणि अरारात पर्वतावर नोहाचं तारू सापडल्याचे व्हिडिओ मोबाइलवर फिरतात, त्यांचं काय करायचं?

संस्कृत आणि प्राचीन वाङ्मय शिकवण्यात माझी उमर गेली, त्यामुळे उत्तर लांबणार.

आधी एक पथ्य सांगतो. साम्यांची यादी करू नका. देवाने एकाला आगाऊ सांगितलं, त्याने नाव बांधली, पाणी आलं, नाव डोंगराला लागली, वाचलेल्याने पुन्हा जग वसवलं. एवढं फळ्यावर लिहिलं की लोक माना डोलावतात आणि कोणी तरी उठून ‘म्हणजे मूळ सगळं एकच’ म्हणून मोकळा होतो. पण पुराची गोष्ट म्हटली की हे येणारच. कोणी वाचलाच नाही तर ती पुढे सांगणार कोण? वाचायचं तर नाव हवी, नाव वेळेत व्हायची तर आधी खबर हवी, आणि पाणी ओसरताना पहिल्यांदा उघडा पडतो तो डोंगरच. ही साम्यं गोष्टीच्या पोटातूनच येतात. नातं ओळखायचं तर असा तपशील शोधायचा, जो नसता तरी गोष्टीचं काही अडलं नसतं.

असा तपशील म्हणजे पाखरं. बाबिलोनकडच्या गिल्गमेशाच्या महाकाव्याच्या अकराव्या पाटीत (हे काव्य मातीच्या पाट्यांवर कोरलेलं आहे) उत्नापिश्तिमची नाव डोंगराला लागते. सातव्या दिवशी तो कबूतर सोडतो, ते परत येतं. पाकोळी सोडतो, तीही परत येते. मग कावळा सोडतो, तो मात्र फिरकत नाही. बायबलच्या उत्पत्तीच्या पुस्तकात नोहा आधी कावळा सोडतो आणि मग तीन खेपांना कबूतर. दुसऱ्या खेपेला ते चोचीत जैतुनाचं पान घेऊन येतं, तिसऱ्या खेपेला येतच नाही. क्रम बदलला, पाकोळी गळाली, पान नवं आलं; पण पाखरं सोडून जमिनीचा अंदाज घेण्याची युक्ती तीच. त्याच्या पुढचा प्रसंग तर आणखी बोलका आहे. दोघेही खाली उतरून होम करतात. बाबिलोनच्या कथेत माणसं मेल्यामुळे देवांना नैवेद्य मिळालेला नसतो, म्हणून वास येताच ते यजमानाभोवती माश्यांसारखे गोळा होतात. उत्पत्तीत परमेश्वराला तो सुवास येतो आणि जमिनीला पुन्हा शाप द्यायचा नाही असं तो मनाशी ठरवतो. उपाशी देव आणि माश्या गेल्या, वास तेवढा राहिला. एकेश्वरी माणसाने ही कथा हातात घेतल्यावर काय पुसलं आणि काय त्याच्या नजरेतून सुटलं, हे इथे स्पष्ट दिसतं.

म्हणून या दोन कथांचं नातं आज कोणी अभ्यासक नाकारत नाही. ब्रिटिश म्युझियममध्ये काम करणाऱ्या जॉर्ज स्मिथने ३ डिसेंबर १८७२ रोजी लंडनमध्ये ही पाटी वाचून दाखवली, तेव्हा मोठी खळबळ उडाली होती. ती पाटी इ.स.पू. सातव्या शतकातली, असुरबानिपालच्या निनवेतल्या ग्रंथसंग्रहातली. पण कथा त्याहून कितीतरी जुनी. हीच पूरकथा सांगणाऱ्या अत्राहासिस या अक्कादी (बाबिलोनच्या जुन्या भाषेतल्या) काव्याच्या प्रती इ.स.पू. सतराव्या शतकातल्या आहेत, आणि सुमेरी भाषेतल्या कथेत नायकाचं नाव झिउसुद्र आहे. सीरियातलं उगारित आणि इस्रायलमधलं मगिद्दो इथेही या वाङ्मयाचे तुकडे मिळाले आहेत, म्हणजे भूमध्य समुद्राच्या काठापर्यंत ते केव्हाच पोचलं होतं. ज्यूंनी ही कथा बाबिलोनच्या बंदिवासात ऐकली की आधीच, यावर वाद आहे. ऐकली, यावर नाही.

आता मनू. ही कथा पहिल्यांदा नीट भेटते ती शतपथ ब्राह्मण या यज्ञविधींवरच्या वैदिक ग्रंथात, पहिल्या कांडात. ऋग्वेदात मनू आहे, पुराची कथा नाही. शतपथातली कथा एका पानात मावेल एवढी आहे आणि सुरू होते ती अगदी घरगुती प्रसंगाने. सकाळी मनूला हात धुवायला पाणी आणून दिलं, धुताना हातात एक मासा आला. मासा म्हणाला, मला सांभाळ, मी तुला तारीन. कशापासून? पूर येणार आहे, सगळी प्रजा वाहून जाणार आहे. मग सांभाळण्याचं कारण मासाच सांगतो: आम्ही लहान असतो तोवर धोका फार, मासाच माशाला गिळतो. आधी घटात ठेव, मग खड्ड्यात, मग समुद्रात. हे वाक्य कोळीवाड्यात वाचून दाखवा, तिथे त्याला भाष्य लागत नाही. मासा मोठा होतो, कोणत्या वर्षी पूर येईल ते सांगतो. मनू नाव बांधतो, माशाच्या शिंगाला दोर बांधतो आणि उत्तरेच्या डोंगराशी पोचतो. नाव झाडाला बांध आणि पाणी उतरेल तसतसा खाली ये, अशी सूचना मिळते.

या कथेत काय नाही ते मोजा. पाखरं नाहीत. प्राण्यांच्या जोड्या नाहीत. बायको नाही, मुलं नाहीत. देव रागावलेला नाही, माणसाने पाप केलेलं नाही, पूर का आला याचं कारणच नाही. तो येतो, जसा आपल्याकडे मिरगाला पाऊस येतो. आणि कथेचा सगळा भार पडतो तो नंतरच्या भागावर. मनू एकटा उरतो. त्याला संतती हवी असते, म्हणून तो पाण्यात तूप, दही, निवळी आणि आमिक्षा (फाटलेल्या दुधाचा चोथा) यांची आहुती देतो. वर्षभराने त्यातून एक स्त्री वर येते. तिच्या पावलात तूप साठतं. मित्र आणि वरुण तिला विचारतात, तू कोण? ती म्हणते, मनूची मुलगी. तिचं नाव इडा. तिच्यासह यज्ञ करत मनू ही प्रजा निर्माण करतो.

दर्शपूर्णमास इष्टीत, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या यज्ञात, ‘इडा’ नावाचा हविर्भाग असतो, तो ऋत्विज आणि यजमान मिळून खातात. शतपथात ही कथा आली आहे ती त्या विधीचं महत्त्व सांगायला. पूर हा तिथे प्रस्तावनेचा भाग आहे. ही जागा हेरली नाही तर मनू आणि नोहा यांची तुलना फुकट जाते, कारण आपण ब्राह्मणकाराच्या दृष्टीने दुय्यम असलेला भाग उचलून दुसऱ्याच्या मुख्य भागाशेजारी ठेवत असतो.

मग मनूची कथा मेसोपोटेमियाकडून आली का? काहींचं मत तसं आहे. व्यापार होता, वाटा होत्या, शक्यता नाकारता येत नाही. पण पाखरांसारखा बिनगरजेचा तपशील मला इथे दिसत नाही. आणि मासा वाढत जाण्याचा प्रकार, जो आपल्या कथेचा जीव आहे, तो तिकडे नाही. म्हणून मी ‘उसनी’ म्हणत नाही. नावांच्या उच्चारावरून मनू आणि नूह (नोहाचं कुराणातलं नाव) यांची जोडी लावणारे मेसेज येतात, ते सरळ सोडून द्या. भिल्लांच्या एका कथेत माशांना खायला घालणाऱ्या, नदीवर कपडे धुणाऱ्या भल्या माणसाला मासाच पुराची खबर देतो. तो बहीण आणि कोंबडा घेऊन पेटीत बसतो. हा मासा आपल्याच मुलखात पिढ्यान्‌पिढ्या फिरतो आहे असं दिसतं.

दोन धर्मांची तुलना करण्याआधी एकाच परंपरेतले थर शेजारी ठेवा, ही माझी जुनी खोड आहे. विद्यार्थी कंटाळतात, पण हाती जास्त लागतं ते इथेच. शतपथातला मासा अनाम आहे. महाभारताच्या वनपर्वात तो स्वतःला प्रजापती ब्रह्मा म्हणवतो. नावेत सप्तर्षी येतात, बियाणं येतं, आणि हिमालयाच्या त्या शिखराला नौबंधन हे नाव मिळतं. मत्स्यपुराणात मासा विष्णू होतो आणि दोराच्या जागी सर्प येतो. भागवताच्या आठव्या स्कंधात नायक द्रविड देशाचा राजा सत्यव्रत, नदी कृतमाला, पूर यायला सात दिवसांची मुदत आणि दोराच्या जागी वासुकी. शिवाय एक नवा खलनायक येतो, वेद चोरणारा हयग्रीव दैत्य. कथा हिमालयाच्या पायथ्याशी सुरू झाली नि दक्षिणेत येऊन स्थिरावली.

आणि कोकणात येईपर्यंत काय झालं? दशावतारी नाटक पाहिलंत ना? आख्यानाआधी आडदशावतार होतो. गणपती येतो, सरस्वती येते, ब्रह्मदेव येतो, आणि मग काळ्या वेषातला संकासुर नाचत-नाचत येतो. हा ब्रह्मदेवाचे वेद पळवतो, मालवणीत टोमणे मारतो, लोकांना हसवतो, शेवटी विष्णूच्या हातून मरतो. हीच आपली मत्स्यावताराची गोष्ट. पण नाव गेली, मनू गेला, पूरही गेला! उरला तो चोर. रंगमंचाला पाणी दाखवता येत नाही, चोर दाखवता येतो, हे एक कारण असेल. मला मात्र वाटतं, समोर खरा समुद्र असलेल्या माणसांना पुराचा देखावा बघण्यात फारसा रस नसावा. तुमच्या श्रोत्यांना सगळ्यात जवळचा धागा हाच, तेव्हा व्याख्यान मनूपासून सुरू करण्यापेक्षा संकासुरापासून करा.

बायबलमध्येही थर आहेत. उत्पत्तीच्या सहाव्या ते नवव्या अध्यायात दोन हकिकती एकमेकींत विणलेल्या आहेत. एकीत प्रत्येक जातीची एक जोडी, दुसरीत शुद्ध प्राण्यांच्या सात-सात. एकीत चाळीस दिवस पाऊस, दुसरीत दीडशे दिवस पाणी. इथे पुराचं कारण माणसांचा दुष्टपणा आणि हिंसाचार. अत्राहासिसमधलं कारण ऐकून लोक हसतील: माणसं वाढली, गलका वाढला आणि एन्लिल देवाची झोप मोडली. त्याने आधी रोगराई आणि दुष्काळ पाठवून पाहिला, भागेना तेव्हा पूर. पूर ओसरल्यावर तिथे तोडगा निघतो तो लोकसंख्येवर. यापुढे काही स्त्रिया वांझ राहतील, काही बाळं दगावतील. नोहाच्या कथेत त्या जागी इंद्रधनुष्य येतं, पुन्हा असा पूर आणणार नाही या कराराची खूण म्हणून.

कुराणातला नूह वेगळाच आहे. तिथे भर नावेच्या लांबी-रुंदीवर नाही. हा पैगंबर ९५० वर्षं लोकांत राहिला, समजावत राहिला, आणि लोक त्याची टर उडवत राहिले. सूरह हूद या अध्यायात पुराची सुरुवात तन्नूर, म्हणजे भट्टी, उसळण्याने होते. आणि मग तो प्रसंग, जो बायबलमध्ये नाही. नूह मुलाला हाका मारतो, ये, आमच्याबरोबर बस. मुलगा म्हणतो, मी डोंगरावर जाईन, तो मला वाचवेल. बोलता-बोलता दोघांच्या मध्ये लाट येते. सगळ्या प्रलयकथांत मला सगळ्यात माणसाची वाटणारी जागा ही. तुमच्या सभेला मोहल्ल्यातली मंडळी येणार असतील तर हा प्रसंग त्यांच्यापैकी कोणाला तरी सांगायला लावा, ते तुमच्या-माझ्यापेक्षा चांगला सांगतील. ग्रीकांचा ड्यूकेलियन पाच मिनिटांत आटपा: पेटी, पार्नासस पर्वत आणि मागे टाकलेल्या दगडांची झालेली माणसं.

आता दुसरा प्रश्न, परशुराम. ही प्रलयकथा नाही, तिची उलटी बाजू आहे. इथे पाणी येत नाही, मागे हटतं. शांतिपर्वातलं जुनं रूप पाहा. परशुरामाने पृथ्वी कश्यपाला दान दिली. मग दान दिलेल्या जमिनीवर राहणार कसा? कश्यपानेच त्याला इथून जा म्हटलं. तेव्हा समुद्राने त्याच्यासाठी शूर्पारक देश निर्माण केला. शूर्पारक म्हणजे आजचं नालासोपारा, जिथे अशोकाच्या शिलालेखांचे तुकडे आणि बौद्ध स्तूप सापडला. इथे बाण नाही, धाक नाही, समुद्र आपण होऊन जागा देतो. अस्त्राने समुद्र हटवल्याचा उल्लेख कालिदासाच्या रघुवंशात आहे. अपरांत, म्हणजे कोकणपट्टी, जिंकायला निघालेल्या रघूच्या सैन्यामुळे, रामाच्या (म्हणजे परशुरामाच्या) अस्त्राने दूर सारलेला समुद्र पुन्हा सह्याद्रीला येऊन भिडल्यासारखा दिसला, अशी ती कल्पना. पुढे सह्याद्रिखंड या पुराणग्रंथाने ती कथा सविस्तर केली.

पाणी संपल्यावर पहिलं काय केलं, हा प्रश्न परशुरामालाही लावून बघा. मनू आहुती देतो, नोहा वेदी बांधतो, परशुराम जमिनीवर माणसं वसवतो. जहाज फुटून किनाऱ्याला लागलेली चौदा प्रेतं त्याने जिवंत केली, अशी चित्पावनांच्या उत्पत्तीची दंतकथा आहे. आणि इथून थोडं उत्तरेला, अलिबागजवळच्या नवगावला, बेने इस्रायलींची, म्हणजे कोकणातल्या ज्यूंची, कथा सांगतात: जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, त्यांच्यापासून समाज वाढला. हे लोक पुढे तेलाच्या घाण्यावर काम करत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून शनवार तेली. दोन्हीकडे फुटलेलं जहाज, दोन्हीकडे चौदा. हे साम्य अभ्यासकांच्या केव्हाच लक्षात आलं आहे. पाखरांच्या कसोटीवर ते मला खरं वाटतं, कारण आकडा हा गोष्टीला गरजेचा नसतो. एकाच किनाऱ्यावर शेजारी राहणाऱ्यांनी गोष्ट सांगण्याची रीत एकमेकांकडून घेतली असावी. मात्र व्याख्यानात हा भाग जपून सांगा. दंतकथा म्हणूनच सांगा, जातीच्या उण्यादुण्यावर चर्चा गेली की ती परत आणणं कठीण. नोहाची कथा ज्यांच्या धर्मग्रंथात आहे, तेच लोक आपल्या किनाऱ्यावर मराठीत दुसरी जलकथा स्वतःबद्दल सांगतात, एवढं ठसलं तरी पुष्कळ झालं.

कोकणाने बुडण्यापेक्षा जमिनीची गोष्ट का सांगितली असेल? पेण-अलिबागकडे ज्यांची खारबंदिस्तीतली शेती आहे त्यांना विचारा. उधाणात बांधाला खांड पडली की खारं पाणी आत शिरतं आणि ओहोटीला निघूनही जातं, मीठ मात्र मागे राहतं आणि भात बसतो. तिथे जमीन ही समुद्राकडून मिळवायची आणि रोज राखायची गोष्ट आहे. या लोकांना चीनचा यू सांगून पाहा. त्याचा बाप गुन याने स्वर्गातून आपोआप वाढणारी माती चोरून पुराला बांध घातले आणि तो फसला. यूने पाण्याला वाटा खणून दिल्या. तेरा वर्षं तो या कामावर होता, तीनदा स्वतःच्या दारावरून गेला पण घरात शिरला नाही. त्या कथेत नाव नाही, निवडलेला एकटा माणूस नाही, देवाची खबर नाही. उघाडी (पाणी बाहेर सोडायचं दार) नसलेला बांध टिकत नाही, हे खारातल्या माणसाला यूने सांगायची गरज नाही.

मग खरा पूर झालाच नव्हता का? पूर पुष्कळ झाले. १९२९ साली पुरातत्त्वज्ञ लिओनार्ड वूलीने इराकमधल्या उर इथे गाळाचा जाड थर पाहिला आणि हाच तो जलप्रलय, असं जाहीर केलं. पुढे कळलं की शुरुप्पक, किश या तिथल्याच जुन्या शहरांतल्या पुराच्या थरांचे काळ वेगळे आहेत. म्हणजे एकच महापूर नव्हे, तर युफ्रेटिस-तैग्रिसचे अनेक पूर. सुमारे २० हजार वर्षांपूर्वी, हिमयुगाच्या ऐन भरात, समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती. बर्फ वितळत गेलं तसा समुद्र जगभर वर चढला, पण हजारो वर्षं घेत. नाव बांधायची घाई करावी असं त्यात काही नव्हतं. आपल्या किनाऱ्यावरही समुद्र या काळात मुख्यतः पुढेच आला, तेव्हा परशुरामाच्या कथेत भूगर्भशास्त्र शोधणाऱ्यांचं गणित इथे उलटं पडतं. मात्र खाड्या गाळाने भरत जाताना किनाऱ्याच्या लोकांनी पाहिल्या आहेत. सोपारा आणि चौल ही बंदरं तशीच मागे पडली. पाणी होतं तिथे जमीन झाली, हा अनुभव कथेला पुरेसा असू शकतो. हा माझा तर्क आहे, तसाच घ्या.

पुराचा अनुभव कथेला रंग देतो, सांगाडा देत नाही, असं माझं मत. २६ जुलै २००५ला महाडात किंवा २२ जुलै २०२१ला चिपळुणात जे होते, त्यांच्या बोलण्यात पाणी कुठवर आलं हे आधी येतं: कितव्या पायरीला, पंख्यापर्यंत की माळ्यापर्यंत. उत्पत्तीत पाणी डोंगरांच्या वर पंधरा हात चढलं असा आकडा आहे खरा. पण पूर का आला, कोणाला सांगितला, उतरल्यावर कोणाचा हक्क, हे पाण्याने सांगितलेलं नसतं. ते सांगणाऱ्यांनी ठरवलेलं असतं, आणि व्याख्यान तिथे रंगतं.

राहिलं अरारातचं तारू. उत्पत्तीत ‘अरारातचे पहाड’ असं अनेकवचन आहे. तो एक प्रदेश, उरार्तू या प्राचीन राज्याचा. आज दाखवतात ते ५,१३७ मीटरचं शिखर त्याला नंतर जोडलं गेलं. कुराणात नाव जूदी पर्वताला लागते. व्हिडिओत बहुधा दिसतो तो तुर्कस्तानातल्या दुरुपिनारचा नावेच्या आकाराचा उंचवटा. १९५९ साली हवाई फोटोंत तो लक्षात आला आणि भूशास्त्रज्ञांच्या मते ती नैसर्गिक रचना आहे. तारू सापडल्याची बातमी तशीही नवी नाही. इ.स.पू. तिसऱ्या शतकात बाबिलोनचा पुरोहित बेरोसस लिहून गेला, की त्या नावेचे अवशेष आर्मेनियाकडच्या डोंगरांत अजून आहेत आणि लोक तिचं डांबर खरवडून ताईतासाठी नेतात. सभेत कोणी मोबाइल पुढे केलाच, तर हे डांबर सांगा आणि पुढचा प्रश्न घ्या.